बापूशेठची गादी

तारामती बापूशेठच्या दुकानाची तिसरी पायरी चढली, तेव्हा मी दुसऱ्या पायरीवर उभी होते. माझ्या काखेत शिवून झालेल्या ब्लाउजांचं गाठोडं होतं. मला वाटलं, चुकून चढली. पण ती आत गेली, चपला बाजूला सारल्या आणि पांढऱ्या गादीच्या कडेला सरळ मांडी घालून बसली.

"ती निळ्या काठाची दाखवा," ती म्हणाली.

दुकानातला गडी माझ्याकडे बघायला लागला. मी बापूशेठकडे. बापूशेठ लोडाला टेकून बसले होते. ते रागावले नाहीत, आवाज चढवला नाही. ते कधीच चढवत नसत.

"शालनबाई," ते मला म्हणाले, "तुमची जाऊ नवी आहे. तिला आपली पद्धत सांगा."

तोवर तारामतीनं समोर पडलेली साडी ओढून घेतली होती आणि पदर दोन बोटांत धरून पोत बघत होती. गडी म्हणाला, "बाई, हात नका लावू. तिथनं बघा."

"हात न लावता कापड कसं कळायचं?"

सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते. गिऱ्हाइकं होती चार-पाच, पेठेतल्या बायका. मी म्हटलं, "तारा, खाली ये."

तिनं माझ्याकडे वळून बघितलं. मग साडीची घडी केली, अगदी काठाला काठ जुळवून, आणि गादीवर ठेवली. "मला नको," म्हणाली, आणि चपला घालून उतरली.

ही गोष्ट अठ्ठ्याहत्तर सालची. माळपेठेत तेव्हा कापडाचं मोठं दुकान एकच, बापूशेठचं. लग्नाचा बस्ता म्हणजे बापूशेठ, दिवाळी म्हणजे बापूशेठ. आणि पद्धत ही, की आमच्या बौद्ध वस्तीतल्या बायकांनी दुसऱ्या पायरीवर उभं राहायचं. गडी आतून साडी उलगडून दाखवणार. पसंत पडली की घडी करून पायरीवर ठेवणार, आपण उचलायची. कायद्यानं हे कधीच बंद झालं होतं. पण कायदा कचेरीत होता आणि कापड बापूशेठकडे.

मला त्याचं काही वाटत नव्हतं असं नाही. पण माझी गोष्ट जराशी वेगळी होती. वस्तीत शिलाई मशीन माझं एकटीचं. बापूशेठ मला ब्लाउजं शिवायला द्यायचे, साड्यांना फॉल लावायला द्यायचे. गाठोडं पायरीवरच ठेवायचे, पण हाक मारताना 'शालनबाई' म्हणायचे. वस्तीतल्या बाकीच्यांना ते नुसतं 'ए बाई' म्हणत. कुणाच्या घरी लग्न निघालं की बायका आधी माझ्याकडे यायच्या. "शालन, तू संगट चल, तुझं ऐकत्यात." मी पुढं, त्या मागं. सात वर्षं असं चाललं होतं. मला वाटायचं, ही माझी कमाई आहे.

तारामती माझ्या धाकट्या दिराची, सुधाकरची बायको. खडकीत वाढलेली, वडील दारूगोळ्याच्या कारखान्यात, मॅट्रिकपर्यंत शिकलेली. लग्नाला जेमतेम तीन महिने झाले होते. मला 'अक्का' म्हणायची, पाणी आधी मला द्यायची. तिच्यात नाव ठेवायला जागा नव्हती, आणि तेच मला खुपायचं.

त्या दिवशी घरी येताना ओढ्यापाशी ती म्हणाली, "अक्का, तुम्ही मला त्यांच्यासमोर खाली यायला सांगितलंत."

"मग काय करणार होते? माझं काम जातं त्यानं."

"काम जातं," ती म्हणाली. एवढंच. पण मला ते चावल्यासारखं लागलं.

*

चार दिवसांनी समाजमंदिरात बायका जमल्या. कुणी बोलावलं, कळलं नाही. मी पोचले तेव्हा तारामती बोलायला उभी राहिली होती. आमच्या सासूबाई, आम्ही त्यांना आत्याबाई म्हणायचो, पुढंच बसल्या होत्या. एरवी आत्याबाई मंदिरात माझ्यासाठी शेजारी जागा धरून ठेवायच्या. त्या दिवशी नव्हती धरली.

गजराबाई म्हणून एक होत्या, त्यांच्या मुलीचं लग्न ठरलं होतं. त्या म्हणाल्या, "फौजदाराकडं जायचं म्हनत्येस का तू?"

"गेलो तर साक्षीला कोण येईल? पेठेतलं कुणी येणार नाही," तारामती म्हणाली. "आपण एकच करायचं. त्याच्याकडून काही घ्यायचं नाही. साडी नाही, धोतर नाही, झबल्याचं कापडसुद्धा नाही. आपण त्याच्या दारात गेलो नाही तर कुठला कायदा आपल्याला ओढून नेणार आहे?"

"आन् लग्नं?"

"बस्ता एसटीनं जाऊन सांगलीहून आणायचा. दोन-तीन घरांनी मिळून जायचं."

"आन् जयंती? चौदा एप्रिलला पांढरी साडी पायजेच की."

"जुनी धुऊन नेसायची. नीळ घालून."

बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. मला वाटलं, झालं, आता उठतील. वर्षातून एक नवी साडी, तीही जयंतीची, ती कोण सोडणार? पण आत्याबाई म्हणाल्या, "माझी दोन वर्साची हाय. चालंल की." मग एकेक जण हो म्हणाली. मला कुणी विचारलं नाही. मी दाराशी उभी होते, आणि सात वर्षांत पहिल्यांदा एखादी गोष्ट मला न विचारता ठरली.

खरं सांगते, तिचं म्हणणं मला पटलं होतं. तिथंच तर दुखणं होतं. चुकीचं बोलली असती तर मी चार शब्दांत तिला गप्प केलं असतं. सात वर्षं मी त्या पायरीवर उभी होते आणि ही गोष्ट मला सुचली नाही. ती तीन महिन्यांपूर्वी आली, एकदा चढली, आणि तिला सुचली.

*

मग तारामती गावोगाव जायला लागली. शेजारच्या वाड्या, मातंग वस्ती, पलीकडची चर्मकार आळी. सगळीकडच्या बायका त्याच पायरीवर उभ्या राहायच्या, त्यामुळे तिला फार समजवावं लागत नव्हतं. संध्याकाळी ती दमून यायची, पायावर धूळ, ओठ सुकलेले, आणि घरात शिरायच्या आधी तीन घरांतून हाक यायची. "तारामती आली का गं?"

मी मशीनवर बसलेली असायचे. काम नव्हतं. दुकानाचं गाठोडं येणं बंद झालं होतं आणि वस्तीत नवं कापडच येत नव्हतं तर शिवणार काय. तरी बसायचे. बायका दारात यायच्या, मला ओलांडून आत बघायच्या. "तारामती न्हाय व्हय?" आणि परत जायच्या.

आत्याबाई तव्यावरची शेवटची भाकरी तिच्यासाठी झाकून ठेवायच्या, गरम राहावी म्हणून. मी या घरात आले तेव्हा माझ्यासाठी ठेवायच्या.

एकदा जेवताना माझे मालक म्हणाले, "सुधाकरची बायको हुशार निघाली हां." त्यात वाईट काय होतं? पण मला ते ऐकवेना. मी म्हटलं, "हुशार आहे, पण घरातलं पाणी कोण भरतं तेही बघा."

"ती भरून गेलीय सकाळीच," आत्याबाई म्हणाल्या.

दुपारी घरात कुणी नसलं की मी तिची वाक्यं म्हणून बघायचे. "आपण त्याच्या दारात गेलो नाही तर कुठला कायदा…" हळू आवाजात, मशीनचं चाक हातानं फिरवत. माझ्या तोंडात ती खोटी वाटायची. दुसऱ्याची चोळी घातल्यासारखी, कुठं आवळतेय, कुठं ढगळ.

दीड महिना असा गेला. जयंतीला बारा दिवस उरले होते.

*

त्या सोमवारी बाजारात मी दोऱ्याची रिळं घ्यायला गेले होते. मागून कुणीतरी म्हणालं, "शालनबाई."

बापूशेठ होते. छत्री घेऊन एकटेच उभे. वाळले होते थोडे.

"तुमच्याशी माझं कधी वाकडं नव्हतं," ते म्हणाले. "होतं का?"

"नाही."

"तुमचा शब्द होता तोवर वस्तीत काही भानगड नव्हती. परवा तुमच्याकडची एक बाई भेटली. मी म्हटलं, शालनबाई काय म्हणतात? ती म्हणाली, त्यांचं काय, आता तारामती म्हणेल ते."

माझ्या कानांच्या पाळ्या गरम झाल्या होत्या.

"तुम्ही या," ते म्हणाले. "उद्या या, दिवसाढवळ्या या. वर येऊन गादीवर बसा. पद्धत मोडायचीच असेल तर ती तुमच्या हातून मोडू दे. कालच्या पोरीच्या कशाला?"

असं ते बोलले, आणि मला वाटलं, या माणसाला माझ्या मनातलं कसं कळलं?

रात्रभर मी स्वतःला समजावत होते की मी हे वस्तीसाठी करतेय. एकदा मी बसले की सगळ्यांना बसता येईल. भांडण मिटेल, बायकांना जयंतीला नवी साडी मिळेल, आणि मिटवलं कुणी? शालननं. पण त्या सगळ्या विचारात मला सारखं दिसत होतं ते तारामतीचं तोंड. मी गादीवर बसून आलेय असं तिला कळल्यावर ते कसं होईल, ते.

दुसऱ्या दिवशी अकराच्या सुमाराला मी गेले. केस नीट बांधले होते. पहिली पायरी, दुसरी. तिसरी. आत पेठेतल्या दोन बायका होत्या, त्यांनी बोलणं थांबवलं.

"या, या," बापूशेठ म्हणाले, आणि हातानं जागा दाखवली.

मी बघितलं. गादीच्या कोपऱ्यावर, मी बसणार होते तेवढ्याच जागेवर, एक निराळं कापड अंथरलं होतं. धुवट, करड्या रंगाचं, हातभर रुंद. बाकी सगळी गादी पांढरी. ते कापड मी येणार म्हणून आधीच टाकून ठेवलेलं होतं.

माझ्या लक्षात आलं. लगेच आलं. मी वळून खाली उतरू शकत होते. तारामती उतरली असती. पण मी इथवर आले होते, आणि खाली उतरले असते तर मी काय करून आले, हे मला कुणालाच सांगता आलं नसतं.

मी त्या कापडावर बसले. अंग चोरून, कडेची पांढरी गादी पायाला लागू नये अशी बसले. तसं मला कुणी सांगितलं नव्हतं.

गड्यानं निळ्या काठाची साडी आणून माझ्यासमोर ठेवली. मी हातही लावला नाही. "बांधून द्या," म्हटलं.

कागदाचं पुडकं घेऊन निघाले तर बाजारात गजराबाई आणि आणखी तिघी. त्यांनी पुडक्याकडे बघितलं. त्यावर दुकानाचं नाव होतं.

*

दिवेलागणीला बोलावणं आलं. समाजमंदिर गच्च भरलं होतं. मी आत गेले तशी गजराबाई उठल्या.

"माझ्या पोरीच्या बस्त्याला आमी दोन एसट्या बदलून सांगलीला गेलो," त्या म्हणाल्या. "माघारी येताना गाडी चुकली, तर स्टँडावर बसून ऱ्हायलो. नवरी मुलगी उपाशी. आन् ही बया दुपारी जाऊन साडी घेऊन येती. मोठ्या घरची मोठी सून. हिला विचारा, का गेली?"

सगळ्या माझ्याकडे बघत होत्या. आत्याबाई तेवढ्या जमिनीकडे.

"अक्कांना मी पाठवलं होतं," तारामती म्हणाली.



"तू?" गजराबाई म्हणाल्या.

"मी. बापूशेठनं अक्कांना बोलावलं होतं, गादीवर बसा म्हणून. खरंच बसवतात का ते बघायला हवं होतं. आपल्यातल्या कुणालातरी जावं लागणार होतं आणि लोकांची बोलणी खावी लागणार होती. अक्का गेल्या." मग ती माझ्याकडे वळली. तिच्या चेहऱ्यावर काही दिसत नव्हतं, ना राग, ना माया. "अक्का, काय बघितलंत ते सांगा."

तिला कसं कळलं होतं, की बापूशेठनं मला बोलावलं होतं आणि तिथं काही बघण्यासारखं होतं? मला आजतागायत माहीत नाही. बहुतेक तिनं अंदाज केला असेल. बापूशेठना ती माझ्यापेक्षा जास्त ओळखत होती, एका भेटीत.

मी सांगितलं. करडं कापड सांगितलं, ते किती रुंद होतं ते सांगितलं. मी अंग चोरून बसले तेसुद्धा सांगितलं. ते का सांगितलं, ठाऊक नाही, पण सांगायला लागल्यावर थांबता आलं नाही. माझा आवाज फार लहान होता. तरी शेवटच्या रांगेतल्या बाया पुढं वाकून ऐकत होत्या.

कुणीतरी मागून म्हणालं, "म्हंजी दुसरी पायरीच निस्ती वर सरकवली त्यानं."

त्या रात्री वस्तीत कुणाला नव्या साडीचा मोह राहिला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मी पुडकं परत नेलं आणि दुकानात न चढता पहिल्या पायरीवर ठेवून आले.

पण त्याआधी, त्याच रात्री, चुलीपाशी मी आणि ती दोघीच होतो. ती पीठ मळत होती.

"खोटं का बोललीस?" मी विचारलं.

"तुम्ही फुटलात असं झालं असतं तर उद्या आणखी दहा जणी गेल्या असत्या."

"म्हणजे माझ्यासाठी नाही."

"नाही."

ती मळत राहिली. मग हात थांबवून म्हणाली, "तुमच्यासाठी काही करावं, असं तुम्ही कधी वागलात का माझ्याशी, अक्का?"

तिनं मला वाचवलं म्हणून मी तिचे पाय धरायला हवे होते. पण खरं काय वाटलं ते सांगते. मला वाटलं, वाचवलं नसतं तर बरं झालं असतं. निदान तिच्यावर रागवायला कारण राहिलं असतं.

*

चौदा एप्रिलला मिरवणूक निघाली. सगळ्या बायका जुन्या साड्यांत, धुऊन धुऊन मऊ झालेल्या, निळीचे डाग कुठं जास्त, कुठं कमी. पेठेतले लोक ओट्यांवर उभे राहून बघत होते. बापूशेठचं दुकान उघडं होतं, आत कुणी नव्हतं.

मग वैशाखातली लग्नं आली. बारा वाड्यांचे बस्ते सांगलीला गेले. नाही म्हणता म्हणता पेठेतल्या इतर धंद्यांनाही झळ लागली, कारण सांगलीला गेलेला माणूस भांडीही तिथूनच आणतो. ज्येष्ठ लागला त्या आठवड्यात बापूशेठ पेठेतल्या दोन वडीलधाऱ्यांना घेऊन समाजमंदिरात आले. खाली सतरंजीवर बसले. म्हणाले, पद्धत बंद. कुणीही या, कुठंही बसा, काहीही हातात घेऊन बघा.

"गादीवर वेगळं कापड?" तारामतीनं विचारलं.

"नाही."

"कुणासाठीच नाही. वाड्यांतल्या बायकांसाठीही."

"कुणासाठीच नाही," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी आम्ही चाळीस-पन्नास जणी निघालो. दुकानासमोर सगळ्या थांबल्या. पहिलं कोण चढणार, हे ठरलंच नव्हतं. सगळ्यांचे डोळे तारामतीकडे. ती मात्र मागं सरकली.

"आधी अक्का बसतील," ती म्हणाली. "सगळ्यात अवघड काम त्यांनी केलंय."

बायकांनी वाट करून दिली. समोर तीन पायऱ्या मोकळ्या. वर गादी, सगळी पांढरी. बापूशेठ हात जोडून उभे. मला जे हवं होतं ते सगळं तिथं होतं. मी पुढं, सगळ्या माझ्या मागं, आणि तारामती सगळ्यांच्या मागं. चार महिने ज्यासाठी जळत होते ते तिनंच माझ्या हातात ठेवलं होतं.

माझा पाय उचलेना.

मी वळले. "हिनं मला पाठवलं नव्हतं," मी म्हटलं. "मी माझी गेले होते. हिचं नाव होतंय, ते मला बघवेना म्हणून गेले होते. त्या दिवशी ही खोटं बोलली."

बोलून झाल्यावर मी मान खाली घातली. आता गजराबाई काय म्हणतील ते म्हणू देत. पण बोलल्या त्या आत्याबाई. त्या गर्दीत मधेच काठी टेकून उभ्या होत्या.

"ठावं हाय की," त्या म्हणाल्या.

मी वर बघितलं.

"समद्यास्नी ठावं हाय. तिनं धाडलं असतं, तर तू गेली असतीस व्हय?"

मागं कुणीतरी खुदकन हसलं. मग आणखी एक. गजराबाईंनी पदर तोंडाला लावला. त्या हसण्यात कुचेष्टा नव्हती, पण मला ते फार आत लागलं. मी चार महिने पोटात जे लपवत होते, ते वस्तीतल्या प्रत्येक बाईला दिसत होतं. भाकरी झाकताना आत्याबाईंना दिसत होतं, दारातून परत जाणाऱ्या बायकांना दिसत होतं. आणि सगळं दिसत असून त्या रात्री मंदिरात एकीनंही तारामतीला खोटं पाडलं नव्हतं.

"चढ आता," आत्याबाई म्हणाल्या. "न्हाय तर बाजूला हो. माझं पाय दुखाय लागलं."

मी बाजूला झाले. आत्याबाई काठी टेकत तीन पायऱ्या चढल्या आणि गादीच्या मधोमध, लोडाला टेकून बसल्या. त्यांच्यामागून बाकीच्या. कुणी साड्या मागत होतं, कुणी नुसतंच बसलं होतं, कुणी हातानं गादी चाचपून बघत होतं. मी आठ-दहा जणींच्या नंतर आत शिरले आणि भिंतीकडेला बसले.

तारामती शेवटी आली. दुकान भरून गेलं होतं, तिला बसायला जागाच उरली नव्हती. ती दाराशी उभी राहून आत बघत होती, दमल्यासारखी.

माझं जळणं त्या दिवशी संपलं, असं मी म्हणणार नाही. तिला पुढं पंचायतीत घेतलं तेव्हाही मला एक रात्र झोप आली नव्हती. पण त्या दिवशी मी भिंतीला पाठ टेकवून, गुडघे जवळ घेऊन सरकले, आणि तिच्यासाठी वीतभर गादी मोकळी केली.

"तारा," मी म्हटलं, "ये, होतंय इथं."

ती आली आणि दाटीवाटीनं माझ्याजवळ बसली.